कांदा निघेपर्यंत

चैत्र लागला की चाकणहून पुण्याकडे कांद्याच्या ट्रका सुरू होतात आणि त्या सगळ्या आमच्या भोसरीवरून जातात. एकीच्या मागे एक, अशी रांग की रस्ता ओलांडायला उभी राहिलेली बाई पलीकडे पोचेस्तोवर तिच्या कडेवरचं पोर चालायला लागतं. प्रत्येक ट्रकेमागे पातळ गुलाबी पापुद्र्यांचं शेपूट उडत असतं. ते पापुद्रे आमच्या वर्कशॉपात शिरतात. आम्ही बायका इथं मोटारीच्या कॉइल गुंडाळतो, तांब्याच्या तारेचे वेढ्यावर वेढे. गुंडाळलेल्या कॉइलला वार्निश लावून ती वाळत ठेवतात आणि त्या ओल्या वार्निशवर कांद्याचं साल येऊन बसलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते काढता येत नाही. आमचे सुपरवायझर दरवर्षी ओरडतात, "ह्या चाकणवाल्यांना कुणीतरी सांगा रे, कांदा झाकून न्या म्हणावं!" आणि ओरडून झालं की माझ्याकडे बघतात. जणू साऱ्या तालुक्याचा कांदा मीच सोलून वाऱ्यावर सोडते.

एरवी मी उत्तर दिल्याशिवाय राहणारी बाई नाही. "हौसाच्या बोलण्यातले चार आणे वजा करून ऐकायचं," असं आमच्या खात्यातल्या बायका नव्या पोरीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. खरं तर आठ आणे करायला हवेत. पण चैत्रात माझी वाचा बसते. बोटं वेढे मोजत राहतात आणि नाकात वास भरतो तो वार्निशचा नाही. उन्हात तापलेल्या मातीचा, पिवळ्या पडलेल्या पातीचा, आणि खाली कुठंतरी नासायला लागलेल्या एका कांद्याचा.

कांद्यानं डोळ्यांत पाणी येतं हे शहरातल्या लोकांचं. एका वेळी एक कांदा चिरणाऱ्यांचं. दिवसाला आठ-आठ पोती काटणाऱ्या बायकांच्या डोळ्यांनी तसं ठरवलं असतं तर आमच्या भामा नदीला ऐन वैशाखात पूर येऊन चाकणचा बाजार वाहून गेला असता. पहिले तीन दिवस डोळे झोंबतात, मग सरावतात, मग आटतात. आणि एकदा आटले की माणूस गेलं तरी ते चटकन ओले होत नाहीत. माझे झाले नाहीत. त्यावरूनही गावात बोललं गेलं.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माघात दत्तू गेले. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून दचकू नका. नाव घेतल्यानं ज्याचं आयुष्य कमी व्हायचं तो माणूस आता त्या भीतीच्या पलीकडे आहे. आमच्या विहिरीवर विजेची मोटार येऊन वर्ष झालं होतं. तिचं कौतुक असं की सासऱ्यांनी, आमच्या आबांनी, तिला हार घातला, तिच्यापुढे नारळ फोडला आणि मोट ओढायची सुटल्यामुळं आमचे बैल इतके माजले की गावातल्या प्रत्येक लग्नात आपल्याला मानाचं बोलावणं यावं असा त्यांचा चेहरा झाला. त्या सकाळी दत्तू कांद्याला पाणी द्यायला गेले. हात ओले, पाय चिखलात. मोटारीच्या पत्र्याच्या पेटीवरचा खटका दाबला. मी भाकरीचं फडकं घेऊन बांधावर पोचले तेव्हा ते पेटीला कपाळ टेकवून उभे होते, कान देऊन काही ऐकावं तसे. मी लांबूनच म्हटलं, "काय म्हणतीया मोटार?" 

ते आमचं शेवटचं बोलणं. तेही एकाच बाजूचं.

मी तेवीस वर्षांची होते. लग्नाला पाच वर्षं झालेली, पदरात मूल नाही. सातवी पास, हात चलाख, तोंड त्याहून चलाख. अशी बाई विधवा झाली की घरादाराला एकच प्रश्न पडतो: हिचं करायचं काय? आमच्या घरात त्या प्रश्नाचं उत्तर माणसांनी दिलं नाही. कावळ्यानं दिलं.

दहाव्याला आम्ही सगळे भामेच्या काठी जमलो. नामा, माझा धाकटा दीर, वीस वर्षांचा, डोक्याचा चमनगोटा केलेला, पिंडापाशी उकिडवा बसला होता. भाताचा पिंड मांडला, माणसं चार पावलं मागं सरली, नामा तेवढा तिथंच राहिला, आणि समोरच्या बाभळीवरचे कावळे आमच्याकडे बघत बसले. दोनशे तरी असतील. बरं, वीस म्हणा. पण वीसच्या वीस असे बसले होते जसे काही ग्रामपंचायतीची सभा आहे आणि ठराव कुणी मांडायचा ह्यावर अडलंय.

पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मागं राहिलंय, हे सगळ्यांना ठाऊक. मग ते ओळखून मोठ्यानं वचन द्यायचं. हे काम सासऱ्यांचे चुलतभाऊ गणपतनाना यांच्याकडे आपोआप गेलं. गावात बैलाला जुलाब झाले तरी नाना बोलणार आणि दिल्लीत काही खळखळलं तरी नानाच बोलणार.

"दत्तू, आईबापाची काळजी करू नगंस!" नाना नदीकडे तोंड करून ओरडले. कावळे ढिम्म.

"बैलजोडी इकणार न्हाई!" काही नाही.

"भैरोबाला बोकड देऊ!"

"नाना, दत्तू माळकरी हुता," कुणीतरी हळूच म्हणालं.

"मंग बोकड ऱ्हायला. पुरणपोळी!" नानांनी घाईनं बदल केला. एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

ऊन डोक्यावर आलं. पोरं रडायला लागली. म्हाताऱ्यांना भुका लागल्या. तासभर सगळी वचनं संपवून नानांचा घसा बसला, आणि मग त्यांना सुचलं. सुचल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की तेवढ्या उजेडात दोन गावं दिवाळी साजरी करतील. ते म्हणाले, "दत्तू, तुझी बायकू घराभाईर जाऊ देणार न्हाई! नामासंगं तिचा पाट लावू! कांदा निघाला की उरकून टाकू! शिव आता, लेकरा!"

आणि कावळा शिवला.

"सुटला! सुटला!" माणसं हात जोडायला लागली. सासरे रडले. बायकांनी माझ्याकडे बघितलं, तसं बघतात जसं लिलावात विकल्या गेलेल्या पोत्याकडे.

आता मला जे दिसलं ते सांगते, आणि ह्यातले चार आणेसुद्धा वजा करू नका. नानांच्या तोंडून ते शब्द निघाले तसा नामा पिंडापासून उठला. चटका बसल्यासारखा. ज्या भावजयीनं विषमज्वरात एकवीस दिवस उशाशी बसून त्याला पेज पाजली, तिच्याशी पाट. तो उठला आणि पाण्याच्या दिशेनं चालत सुटला. पिंडाजवळ कुणी राहिलं नाही, आणि कावळा आला. मी माहेरी सहा वर्षांची असल्यापासून वाळत घातलेल्या शेंगा राखल्यात. कावळा माणसाचं बोलणं ऐकत नाही, माणसाची पाठ बघतो. पण दोनशे माणसांना कोण सांगणार? आणि सांगणारी कोण, तर जिचा पाट लागायचाय ती.

पाटाची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावायची, रीत वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्यात ती जुनीच. माझ्या थोरल्या मावशीचा पाट लागला आणि ती पुढं तीस वर्षं सुखानं नांदली. पण मावशीला कुणीतरी विचारलं होतं.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, मला कधी छळलं नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो. सासू म्हटल्यावर लोकांना निदान एक चटका तरी हवा असतो. चटका नव्हता. दहाव्यानंतर रोज दुपारी त्या मला पुढ्यात बसवायच्या आणि केसांत तेल घालायच्या. त्यांची बोटं विहिरीच्या दोरासारखी खरखरीत. म्हणायच्या, "तू हायेस तवर दत्तू घरात हाय. तू गेलीस की त्यो गेला." मग माझ्या खांद्याचा वास घ्यायच्या. अगदी खरंच घ्यायच्या, तान्ह्या पोराचा घ्यावा तसा. ह्या मायेतून कसं सुटायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिव्या असत्या तर मी दामदुप्पट दिल्या असत्या.

आणि खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटायचं, त्यांनाच हे हवं असेल तर? दत्तूंनाच? ते काही न बोलता गेले. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनात काय होतं, ते कावळ्याशिवाय मला तरी कुणी सांगितलं होतं?

कांदा पिकला की त्याच्या माना पडतात. हिरवी ताठ पात एक दिवस मानेतून मोडते आणि आडवी होते. आज दोन, उद्या वीस, आठवड्यानं सगळा वाफा झोपलेला. बघायला भारी दिसतं, पण त्या वर्षी मला ते वाफे रणांगणासारखे दिसायचे. रोज सकाळी सासरे बांधावर उभे राहून म्हणायचे, "खालच्या वाफ्याच्या माना पडल्या बरं का!" आणि माझी मान आपोआप ताठ व्हायची. कांदा निघाला की. काटून झाला की. विकला की. माझ्या आयुष्याचं पंचांग कांद्याच्या पातीवर लिहिलेलं होतं.

मग मी जे केलं ते कुठल्या शेतकऱ्याच्या लेकीनं करू नये. माना पडायच्या आधी पाणी तोडावं लागतं, म्हणजे पात सुकते, कांदा आतून घट्ट होतो. पाणी देत राहिलं तर पात हिरवी राहते, माना पडत नाहीत. वरचे दोन वाफे अजून राहिले होते. त्यांना मी पाणी द्यायचं ठरवलं.

पण पाणी म्हणजे मोटार. दत्तू गेल्यापासून त्या पेटीला घरातलं कुणी शिवलेलं नव्हतं. सासऱ्यांनी जुनी मोट काढून बैल पुन्हा जुंपले होते आणि बैलांची तोंडं पार उतरली होती. पेटीवर कोळ्यांनी जाळी धरलेली. भर सकाळी सगळे खाली काढणीला असताना मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पायाखाली सुकी फळी घेतली, हात पदराला पुसले, तीनदा पुसले, पुन्हा पुसले. जिथं त्यांचं कपाळ टेकलं होतं तिथं पत्र्यावर धुळीत एक गोल पुसट जागा होती, निदान मला दिसली. बाभळीच्या वाळक्या काठीनं मी खटका दाबला. मोटार अशी गरजली की मला वाटलं, पार जुन्नरला ऐकू गेली. पाटात पाणी आलं. मी काठी बाजूला टाकली आणि तिथंच खाली बसले.

"वैनी! हात काडा! हात काडा आधी!" नामा बांधावरून धावत येत होता, एका पायात चप्पल. त्याला वाटलं, मी मरायला आलेय.

"हात कवाच काडलाय, भावजी," मी म्हटलं. "जित्ती हाय."

तो धापा टाकत उभा राहिला. मग त्यानं पाटाकडे बघितलं, वरच्या वाफ्यांकडे बघितलं, आणि त्याला समजलं. शेतकऱ्याचाच पोर. तो बोटांनी डोक्यावरचे खुंट चाचपायला लागला.

"मी उठलो म्हणून शिवला त्यो," खाली मान घालून म्हणाला. "मला ठाव हाय. पर बोलू कुनाला? आबा म्हणत्यात, दत्तूची इच्छा. मी न्हाई म्हणलं तर दत्तूला न्हाई म्हणल्यावानी हुतंय."

"माझ्याशी पाट लावायचाय का तुमाला?"

"वैनी!" तो असा ओरडला की झाडावरचे बगळे उडाले. "तुमी मला पेज पाजलीया."

"मंग आबांना सांगा, वरचं वाफं आजून कच्चं हायेत."

त्यानं सांगितलं. आठ दिवस मिळाले. त्या पाण्यानं दोन्ही वाफ्यांचा कांदा पुढं साठवणीच्या बराखीत सडला, आणि त्याचं पाप माझ्या माथ्यावर आहे. माणसाच्या मनासारखंच असतं ते. वरून साल कोरडं, आत सगळं पाणी.

काढलेल्या कांद्याची पात काटायला बायका आल्या तशी तोंडंही आली. दहा विळे आणि दहा जिभा. दोन्हींत धार कुणाला जास्त, हे ज्याच्यावर चालतात त्यालाच कळावं. "काय गं हौसा, नवरा घरातल्या घरात गावला! मांडव बी नगं, वरात बी नगं." "दिराला जेवाया वाढताना आत्ताच घुंगट घ्यायची सवं कर गं बाई." मीही सोडत नव्हते. म्हटलं, "तुजा नवरा घ्यायचा इचार हुता, पर कावळा म्हनला, त्यो मी बी शिवणार न्हाई." बायका हसून हसून पातीवर लोळल्या. हसताना माझा विळा सटकला आणि अंगठ्याच्या पेराला लागला. तो व्रण अजून आहे. तारेचा ताण बघायला मी तोच अंगठा वापरते.

त्या बायकांत बौद्धवाड्यातली एक म्हातारी होती. तिची लेक सगुणा भोसरीच्या ह्याच वर्कशॉपात कामाला. रविवारी आईची भाकरी घेऊन ती शेतावर आली. तिच्या मनगटावर घड्याळ होतं, आणि अर्ध्या बायका तिला वेळ विचारून आल्या. वेळेशी कुणालाच काही देणंघेणं नसताना. मी बियाण्याच्या कांद्याची वेणी घालत बसले होते. सगुणा माझ्या बोटांकडे बघत उभी राहिली.

"आमच्याकडं बायका घेत्यात," ती म्हणाली. "बोटं चालनाऱ्या."

"आन् ऱ्हायाचं कुठं?"

"माझ्या खोलीत ऱ्हा." मग जरा थांबून म्हणाली, "पर इचार कर. आमच्यात ऱ्हायलीस, आमच्या हातचं जेवलीस, तर तुजी मानसं तुला परत घरात घेनार न्हाईत."

मी हसले होते. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

बाजाराच्या दिवशी मी गाडीत बसून सासरे आणि नामा यांच्याबरोबर चाकणला गेले. मोठा कांदा आणि बारीक गोलटी वेगळी करायला माझ्यासारखी नजर घरात कुणाची नव्हती. लिलाव सुरू झाला, आडत्याभोवती पागोट्यांचं कोंडाळं जमलं, आणि मी नामाकडे बघितलं. त्याला सगुणाचं बोलणं आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आबांना मी बघतो." मी भोसरीची एसटी धरली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी, शेजारच्या सीटवर कुणी आपलं नाही. बाहेर माळ, मग पत्र्याच्या शेडी, मग आणखी शेडी. सुपरवायझरांनी माझ्या हातात तार दिली, साचा दिला, म्हणाले, शंभर वेढे घाला, एकावर एक चढता कामा नये. मी घातले. त्यांनी भिंग लावून मोजले.

"कुठं शिकलात?"

"कांद्यावर."

"काय?"

"वेण्या घालतो आमी कांद्याच्या."

ते हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारी या."

परत आले तेव्हा सासरे गाडी जुंपत होते. "कुठं हुतीस गं?" मी म्हटलं, "पलीकडं एका बैलानं आडत्याचं पागोटं खाल्लं आबा, आर्धं आत आन् आर्धं भाईर. चार मानसं वढत हुती. ते बघत ऱ्हायले." ते म्हणाले, "चाकणच्या बाजारात कायबी हुतंय," आणि त्यांनी बैलांना चुचकारलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्यानंतर कुठलीही थाप मारताना मला त्यांची ती पाठमोरी मान दिसते.

आत्याबाईंना मात्र मी थाप मारली नाही. चुलीपाशी बसून सरळ सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापत राहिल्या, भाकरी परातीएवढी झाली, काठ फाटले, तरी थापत राहिल्या.

"माझ्या लेकानं सांगितलंय," शेवटी म्हणाल्या. "कावळ्याच्या तोंडून सांगितलंय. त्याच्या म्होरं तू कोन?"

"मंग त्यास्नीच परत इचारते," मी म्हटलं. "चला तुमी बी."

रविवार होता. भाताचा गोळा पानात घेऊन आम्ही दोघी भर उन्हात भामेवर गेलो. पाणी आटून डबकी राहिलेली. बाई माणसानं पिंड मांडायचा नसतो, मी मांडला. बाभळीवर सात-आठ कावळे होते. मी हात जोडले आणि दत्तूंना म्हटलं, मी भोसरीला कामाला जाते. तुमची हरकत नसेल तर शिवा.

आता माझी लबाडी सांगते. मला माहीत होतं, कावळा पाठ बघतो. मी बोलून झालं की आत्याबाईंना सावलीला नेणार होते. वीस पावलं गेलो असतो की तो आला असता. मी सगळं नेमकं ठरवलं होतं.

"चला आत्याबाई, लई ऊन हाय. झाडाखाली बसू."

त्या हलल्या नाहीत. पिंडापासून हातभरावर मांडी घालून बसल्या, दगडासारख्या. कावळे बघत राहिले. घटका गेली, दोन घटका गेल्या. वाळूवरून वाफ निघत होती. मी पुन्हा म्हटलं, "चला." तेव्हा त्यांनी मान वर केली.

"मला कावळं कळत न्हाईत व्हय गं?" त्या म्हणाल्या. "त्या दिशी नामा उठला म्हणून शिवला. दिसलं हुतं मला."

मी त्यांच्यासमोर वाळूत बसले. "मंग बोलला का न्हाईत?"

"बोलले आसते तर तू ऱ्हायली आसतीस?"

त्या पोरासारख्या रडवेल्या तोंडानं म्हणाल्या, "जा. तुला जायाचं तर जा. पर मी हितनं हलायची न्हाई. त्याला शिवू द्यायची न्हाई. माझ्या लेकाचा दोर माझ्या हातानं न्हाई तोडायची." मी त्यांच्या पायाला हात लावला, त्यांनी पाय आखडून घेतले. मग मी उठले. रस्ता वर होता. नेसत्या लुगड्यानिशी मी चाकणपर्यंत चालत गेले, आणि मोजायची सवय तेव्हापासूनची. एकेक पाऊल मोजत गेले, म्हणजे दुसरं काही मनात यायला जागा उरू नये.

भोसरीचे ते पहिले दिवस म्हणजे पत्रा, घाम आणि वार्निश. सगुणाच्या खोलीत आम्ही पाच माणसं. एकानं कूस बदलली की पाचही जणांना बदलावी लागे. घरमालक दारात उभा राहून विचारायचा, "ह्या कोण? ह्यांचे मालक कुठं असतात?" मी म्हटलं, मिलिटरीत. लडाखला. सगुणानं कपाळावर हात मारला, पण थाप एकदा सुटली की तिला खायला घालावंच लागतं. पहिल्या आठवड्यात मालक साधे शिपाई होते, दुसऱ्यात मी त्यांना नाईक केलं. एकदा तर त्यांनी एकट्यानं एक टेकडी राखली. रात्रीच्या जेवणाला शेजारच्या बायका जमायच्या, "मग काय पत्र आलं का?" आणि मी वाचून दाखवायची, नसलेलं पत्र, नसलेल्या माणसाचं. गंमत होती. पण कधी कधी त्या पत्रात दत्तू काहीतरी बोलायचे, जे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि मग मला मध्येच थांबावं लागे.

ह्याला आता आठ वर्षं होतील. नामाचं पुढं रीतसर लग्न झालं, दोन मुलं आहेत. सासरे गेले, मला कळलं ते तेराव्यानंतर. दर चैत्रात मी आत्याबाईंना निरोप धाडते आणि दर चैत्रात तो तसाच परत येतो. आमच्या खात्यातल्या पोरी म्हणतात, "मावशी, तुमी किती धीराच्या!" मी त्यांना बैलाची आणि पागोट्याची गोष्ट सांगते. तीच बरी. मोकळं होणं म्हणजे काय असतं हे मी त्यांना सांगायला गेले तर त्यातून मला काही वजा करता येणार नाही.

तर त्या वर्षी, मी भोसरीला आल्यावर पंधरा दिवसांनी, रविवारी, नामा माझी ट्रंक घेऊन आला. डोक्यावरचे केस नुकते बोटभर वाढलेले, उन्हानं रापलेला. घरमालकानं त्याला दारातच गाठलं. "आले का साहेब रजेवर? काय थंडी असेल नाही तिकडं?" नामानं माझ्याकडे बघितलं. आत येऊन तो भिंतीला टेकून बसला आणि सगुणानं दिलेलं पाणी गटागटा प्याला. पुन्हा मागून प्याला.

"आबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणत्यात. पाटाचं संपलं. त्या दिशी आई सांजंला घरी आली. दारातनंच म्हनली, शिवला. दत्तू सुटला. आता त्या पोरीचं ह्या घराशी काय न्हाई, तिच्या मागं कुनी जायाचं न्हाई, तिला उंबऱ्यात घ्यायचं न्हाई."

"शिवला?" मी त्याच्या पुढ्यात येऊन बसले. "खरंच शिवला?"

नामा तांब्या दोन्ही हातांत फिरवत राहिला.

"पदर मुठीत आवळून धरला हुता तिनं," तो म्हणाला. "आत गेली, सोडला. समदा भात हुता त्यात. एक शीत कमी नसंल."

"मंग?"

"न्हाणीत गेली. पदर धुतला. आन् भाकरी थापाया बसली."